बाल्झची मिनिटं

बाल्झ हेर्गर सुक्या नासपतींचा पाव घेऊन दारात उभा राहिला, तेव्हा मार्लीसच्या मनात पहिला विचार आला तो दार लावून घ्यायचा. पण राइफेनसारख्या गावात तोंडावर दार लावलं, तर संध्याकाळच्या आत तलावाच्या पलीकडच्या काठापर्यंत बातमी जाते. तिने त्याला स्वयंपाकघरात घेतलं, कॉफी ठेवली आणि पाव कपाटावर, हाताला लागणार नाही असा ठेवून दिला.

"तुमचं काय काम होतं?" तिने विचारलं.

बाल्झने कप खाली ठेवला. "तुम्ही? अगं, तुझ्या अठराव्या वाढदिवसाला आपण पेले भिडवून एकमेकांना 'तू' म्हणायचं ठरवलं होतं. छत्तीस वर्षं 'तू' म्हणत होतीस."

"हो. फेब्रुवारीपर्यंत."

फेब्रुवारीत मार्लीसच्या वडिलांना, वेंडेलिन त्रेशना, पुरलं होतं. एक्केचाळीस वर्षं ते राइफेनच्या पुरुष गायन मंडळात दुसऱ्या बासमध्ये, सगळ्यात खालच्या आवाजात, गायले होते. मंडळाचा सभासद गेला की काळी फीत बांधलेला झेंडा शवपेटीवर झुकवायचा आणि अडतीस जणांनी कबरीपाशी उभं राहून शेवटचं गाणं म्हणायचं, ही तिथली रीत. वेंडेलिनसाठी झेंडा आला नाही. गाणंही झालं नाही. मरणाच्या सव्वा वर्ष आधी त्यांनी गाण्यांची वही परत पाठवून सभासदत्व सोडलं होतं, आणि अध्यक्ष बाल्झ हेर्गर यांनी सांगितलं होतं, नियम म्हणजे नियम. त्या दिवशी थंडीत पाद्रीबाबा आणि खड्डा खणणारे दोघे सोडले, तर घरचीच माणसं होती. दफनभूमीच्या फाटकाबाहेर गेबहार्ड पोस्टमन टोपी हातात घेऊन उभा होता. तो आत आला नाही.

"यंदा मंडळाला शंभर वर्षं होताहेत," बाल्झ म्हणाला. "सप्टेंबरात सहल. बोट, दातेरी रुळांच्या रेल्वेने श्टॉकफ्लूच्या डोंगरावर, वर जेवण, खाली उतरून पुन्हा बोट आणि चार वाजता ब्रुनाउच्या चर्चमध्ये कार्यक्रम. रेडिओवाले ध्वनिमुद्रणाला येणार आहेत. वेंडेलने ही सहल पूर्वी तीनदा आखली होती. त्याची ती फाइल मिळाली असती तर..."

"मागच्या वर्षी तुम्ही बस केली होती ना?"

"बस." बाल्झने तोंड वाकडं केलं. "शंभराव्या वर्षी बसने जायचं म्हणजे नवरीला हातगाडीवरून नेण्यासारखं आहे."

मार्लीसला हसू आलं नाही. "फाइल देणार नाही. बेत मी आखून देते."

बाल्झच्या चेहऱ्यावर इतकी सुटका दिसली की तिला त्याचा नव्याने राग आला. दारातून बाहेर पडताना तो वळून म्हणाला, "वेंडेलबद्दल मनात काही ठेवू नकोस. शेवटी शेवटी त्याला आकडे दिसेनासे झाले होते. वय कुणाला सुटलंय?"

तो गेल्यावर खालच्या मजल्यावरून आग्नेस आत्या वर आली. ती वेंडेलिनची बहीण, एक्याऐंशी वर्षांची. जिन्यावर तिला दम लागायचा, पण बोलण्यात कधी नाही.

"काय मागायला आला होता तो भोपळा?"

"बाबांची फाइल."

"दिलीस?"

"नाही. बेत मी करून देणार आहे."

आत्याने कपाटावरचा पाव काढून सुरीने जाड काप कापला. "पावाने काय घोडं मारलंय," म्हणाली आणि खाऊ लागली.

वेंडेलिनची बदनामी झाली ती दोन वर्षांपूर्वीच्या सहलीत. सव्वीस वर्षं मंडळाची सहल तेच आखायचे. प्रत्येकाच्या हातात ते पिवळ्या कागदावर छापलेला बेत द्यायचे: कुठली बोट, कुठली गाडी, किती वाजता. सव्वीस वर्षांत एकही गाडी चुकली नव्हती. सत्ताविसाव्या वर्षी बोट चुकली. अडतीस माणसं एका धक्क्यावर दोन तास पावसात उभी राहिली. कुणीतरी चिडून हातातला पिवळा कागद आणि धक्क्यावरचं वेळापत्रक ताडून पाहिलं, तर कागदावरची जवळजवळ प्रत्येक वेळ चुकलेली. कुठे आठ मिनिटांनी, कुठे तेरा. वार्षिक सभेत बाल्झने तो कागद वाचून दाखवला, एकेक आकडा, आणि प्रत्येक आकड्यानंतर खरी वेळ. लोक आधी गप्प होते, मग हसायला लागले. वेंडेलिन पहिल्या रांगेत बसले होते. बाल्झने विचारलं, "वेंडेल, काही सांगायचंय?" ते म्हणाले, "नाही." मग सहलीचं काम त्यांच्याकडून काढून घ्यायचा ठराव हात वर करून झाला. त्यानंतर गावात कुणाची बस चुकली, दूध ओतू गेलं, तरी लोक म्हणायचे, 'त्रेशची वेळ झाली.' बेकरीत पाव संपला, तरी 'त्रेशची वेळ'. वेंडेलिननी बेकरीत जाणं सोडलं. मग चर्चमध्ये जाणं. मग जिना उतरणं.

मार्लीस तेव्हा आठवड्यातले पाच दिवस शहरात असायची. ग्रंथालयात जुन्या पुस्तकांची बांधणी दुरुस्त करायचं तिचं काम. वडिलांना खरंच आकडे दिसेनासे झाले, असं तिनेही मान्य करून टाकलं होतं. आता तिला याचंच सगळ्यात जास्त लागत होतं.

रविवारी तिने फाइल उघडली.

प्रत्येक वर्षाचं एक पान. डाव्या रकान्यात पेन्सिलने खऱ्या वेळा. उजवीकडे शाईने, पिवळ्या कागदावर छापायच्या वेळा. उजव्या वेळा नेहमी डाव्यांच्या आधीच्या. आणि जेवणाच्या ओळीसमोर समासात एक अक्षर आणि एक आकडा: 'बा. ४'. पुढच्या वर्षी 'बा. ५'. ती पानं उलटत गेली. बा. ६. बा. ६. बा. ९, आणि त्याखाली बारीक अक्षरात, 'अध्यक्षपदाच्या रौप्यमहोत्सवाचं भाषण, शिवाय एक गाणं'. शेवटच्या पानावर, ज्या वर्षी बोट चुकली त्या वर्षी, 'बा. १३'. आणि नंतर कधीतरी, वेगळ्या पेन्सिलने: 'बोलला २१.'

तिने ते पान पुन्हा वाचलं. मग सगळी फाइल पहिल्यापासून वाचली.

बाल्झ जेवणानंतर भाषण करायचा. त्याला थांबवणं कुणाला जमत नसे आणि वेंडेलिनना ते शोभणारं वाटत नसे. म्हणून ते बोट सुटायची वेळ कागदावर आधीची छापायचे. दरवर्षी बाल्झ किती वाढतोय ते बघून पुढच्या वर्षी तेवढी मिनिटं वाढवायचे. सव्वीस वर्षं अख्खं मंडळ त्या मिनिटांवर पोसलं गेलं, आणि कुणालाच पत्ता नव्हता. आपल्या मंडळाची गाडी कधी चुकत नाही, एवढंच सगळ्यांना ठाऊक. आणि सभेत 'काही सांगायचंय?' असं विचारलं तेव्हा ते 'नाही' म्हणाले, कारण सांगायचं तर चारचौघांत हेच सांगावं लागलं असतं, की तुमच्या अध्यक्षाला तोंड आवरत नाही, म्हणून मी सव्वीस वर्षं तुम्हाला खोट्या वेळा देत आलो.

मार्लीसने आत्याला खाली जाऊन ते दाखवलं. आत्याने चष्मा लावला, बोट फिरवत आकडे वाचले.

"बावळट," ती म्हणाली. "माझा भाऊ बावळट होता. तू सभेत जा आणि हे त्यांच्या तोंडावर फेक."

"काय म्हणतील? मुलगी बापाची बाजू घेतेय. पेन्सिल कधी फिरवली कोण सांगणार?"

"मग?"

"मी बेत आखणार आहे," मार्लीस म्हणाली. "सगळ्या वेळा खऱ्या छापणार आहे."

आत्याला समजायला क्षणभर लागला. मग तिने चष्मा काढून पुसला. "अगदी मिनिटाबरहुकूम?"

"मिनिटाबरहुकूम."

"देवा," आत्या म्हणाली, आणि फार दिवसांनी हसली.

मार्लीसने तो उन्हाळा या एका पानावर घालवला. सवड कुठेच ठेवायची नाही, पण चूक काढायला जागाही ठेवायची नाही. शरद ऋतूचं वेळापत्रक लागलं की बोटी दोन तासांनी एक. दातेरी गाडी तासाला एक. श्टॉकफ्लूहून १३.४८ची गाडी, खाली ल्युटनच्या धक्क्यावर १४.२६, बोट १४.३१, ब्रुनाउ १५.१४, कार्यक्रम १६.००. पुढची गाडी घेतली तर बोट १६.३१ची, म्हणजे ब्रुनाउला सव्वापाच. आणि शनिवारी साडेपाचला तिथे प्रार्थना असते, त्या आधी चर्च रिकामं करून द्यावं लागतं. ल्युटनला मोटारीचा रस्ता नाही. कडा सरळ पाण्यात उतरतो. या सगळ्यातलं तिने काही केलेलं नव्हतं. डोंगर, तलाव आणि वेळापत्रक आधीपासून तसेच होते. तिने पिवळा कागदच वापरला. '१३.४० फलाटावर जमणे' असंही जाड अक्षरात छापलं. आणि तळाशी एक ओळ घातली: सर्व वेळा अधिकृत वेळापत्रकाप्रमाणे.

बाल्झने एकेक आकडा फोनवर ताडून पाहिला. "एकही चूक नाही," तो कौतुकाने म्हणाला. "बापापेक्षा सरस निघालीस."

ती म्हणाली, "तपासून घेतलंत ते बरं झालं."

सहलीच्या दिवशी हवा स्वच्छ होती. सकाळची बोट वेळेवर, गाडी वेळेवर. डब्यात माणसं कागद बघून माना डोलावत होती. वर हॉटेलच्या गच्चीत जेवण झालं, बटाटे आणि चीज घातलेल्या शेवया, वर सफरचंदाचा मुरंबा. पेले भरले गेले. एक वाजून पाच मिनिटांनी बाल्झ उठला आणि त्याने पेल्यावर चमचा वाजवला.

मंडळाच्या स्थापनेपासून सुरुवात झाली.

मार्लीस शेवटच्या टेबलावर बसली होती. तिथून खालचा फलाट दिसत होता. पायऱ्या उतरून तीन मिनिटं. एक वाजून वीस मिनिटांनी बाल्झ महायुद्धाच्या काळात पोचला, सीमेवर पहाऱ्याला गेलेल्या गायकांच्या आठवणीत. लोक हसत होते. तो वाईट बोलत नव्हता, हे तिला कबूल करावं लागलं. दीड वाजता तो १९५६मध्ये होता. एक माणूस कागदाकडे बघून शेजाऱ्याला काहीतरी म्हणाला. शेजाऱ्याने हात हलवला: असेल वेळ, नेहमी असते.

तिने ते नेमकं ऐकलं. नेहमी असते.

एक अडतीस. ती उठली. खुर्चीचा आवाज झाला. ती टेबलांच्या मधून, सगळ्यांच्या समोरून, बाल्झच्या अगदी हाताजवळून गेली. तो तिच्याकडे बघून हसला आणि म्हणाला, "बघा, आमच्या सहलप्रमुखांना घाई झाली. मार्लीस, दोनच मिनिटं." माणसं हसली. ती थांबली असती तर सगळे थांबले असते. ती 'चला' म्हणाली असती तर निम्मे तरी उठले असते. जिभेवर शब्द आलाही होता. मग तिला फेब्रुवारीतली ती माती आठवली, गोठून दगड झालेली, आणि खड्डा खणणाऱ्यांच्या बुटांचा आवाज, कारण दुसरा कसलाच आवाज नव्हता. ती पायऱ्या उतरली.

फलाटावर तिच्यामागून पावलं आली. गेबहार्ड पोस्टमन. सत्तरी उलटलेला, उंच, किंचित वाकलेला. तीस वर्षं तो वेंडेलिनच्या शेजारी उभा राहून गायला होता.

"कागदावर एक चाळीस लिहिलंय," तो तिच्याकडे न बघता म्हणाला.

"हो."

"ते येत नाहीत."

"दिसतंय."

गाडी सुटली तेव्हा डब्यात दोघंच होते. वळणावरून गच्ची दिसली. झेंडा धरणारा उभा राहिला होता आणि रुळाकडे हात करत होता. बाल्झचा पेला अजून वर होता.

बोटीवर गेबहार्डने दोन कॉफी आणल्या. त्याचा फोन खिशात वाजत राहिला. शेवटी त्याने तो बंद केला.

"मी त्या सभेत हात वर केला होता," तो म्हणाला.

"मला माहीत आहे. इतिवृत्तात आहे. एकमताने."

"एवढंच म्हणायचं होतं."

"एवढं पुरत नाही, गेबहार्ड."

तिने पिशवीतून फाइल काढली आणि त्याच्या पुढ्यात ठेवली. तो बोटीच्या धडधडीत, चष्म्याशिवाय, कागद लांब धरून वाचत राहिला. मधेच त्याच्या नाकातून हसल्यासारखा आवाज आला. शेवटच्या पानावर आला तेव्हा त्याने फाइल मिटली आणि तलावाकडे तोंड केलं.

"तो मला म्हणायचा, 'गेबहार्ड, शेवटचा घोट सावकाश घे, वेळ आहे.' दरवर्षी म्हणायचा. मला वाटायचं, स्वभाव आहे."

"आज तुम्ही का आलात माझ्यामागे?"

"तू उठलीस. तो उठला की मी उठायचो." थोड्या वेळाने त्याने विचारलं, "तू मुद्दाम केलंस हे?"

"कागदावरची एक तरी वेळ खोटी आहे?"

"नाही."

"मग."

ब्रुनाउच्या चर्चमध्ये तीनशे माणसं वाट बघत बसली होती. वेदीसमोर माइक उभे केलेले. पावणेपाचला रेडिओच्या बाईने तारा गुंडाळायला घेतल्या. पाद्रीबाबांनी माफी मागितली. लोक कुरकुरत बाहेर पडले, पण सगळे गेले नाहीत. बरेच जण समोरच्या अंगणात उन्हात उभे राहिले. मंडळाला हमखास पोचणारी माणसं म्हणून सगळा तलाव ओळखत होता, आणि हे चुकलेलं मंडळ येताना कसं दिसतं ते त्यांना बघायचं होतं.

पाच वाजून वीस मिनिटांनी प्रार्थनेच्या घंटा सुरू झाल्या. त्याच वेळी धक्क्यावरून चढण चढत मंडळ आलं. काळे कोट, घामेजलेल्या माना, झेंडा गुंडाळलेला. कुणी कुणाशी बोलत नव्हतं. बाल्झ सगळ्यांत पुढे होता. मार्लीसला बघताच तो सरळ तिच्याकडे आला. चेहरा लालबुंद.

"हा काय प्रकार आहे?"

घंटा डोक्यावरच वाजत होत्या. "काय म्हणालात?" ती म्हणाली.

"बेत चुकला तुझा!" तो ओरडला. "शंभर वर्षांत कार्यक्रम कधी बुडाला नव्हता!"

तिने पिवळा कागद पुढे केला. "कुठे चुकला ते दाखवा. तुम्हीच तपासला होता."

त्याने कागद हिसकावला, बघितला, बोटाने टकटक केलं. बाकीचे मागे येऊन उभे राहिले होते, अर्धवर्तुळात, गाताना उभे राहतात तसे. बाल्झ काहीतरी बोलला. घंटांमध्ये ते बुडालं.

"ऐकू येत नाही," मार्लीस म्हणाली.

"म्हटलं, एकही मिनिट जादा ठेवलं नाहीस! असा बेत आखतात का?"

तिला ऐकू आलं होतं. बाबांचं गुपित बाल्झला ठाऊक असेल, हे तिच्या उन्हाळाभराच्या हिशेबात कुठेच नव्हतं. तो फक्त मूर्ख आहे, असं ती धरून चालली होती. तिने कानाला हात लावला. "घंटा वाजताहेत. मोठ्याने सांगा."

"अगं, वेंडेल माझ्या भाषणासाठी दहा-बारा मिनिटं धरूनच वेळ छापायचा! दरवर्षी!" बाल्झ सगळा जीव एकवटून ओरडला, आणि शेवटच्या शब्दांवर घंटा थांबल्या. "मला काय ते माहीत नव्हतं?"

अंगणात इतकी शांतता झाली की धक्क्यावर बोटीचा दोर खांबाला घासल्याचं ऐकू आलं.

बाल्झने मागे वळून आपल्या माणसांकडे बघितलं. पहिल्या टेनरमधला एक जण, ज्याने सभेत सर्वांत मोठ्याने हसून टाळी दिली होती, जमिनीकडे बघत होता.

"तुला माहीत होतं," गेबहार्ड म्हणाला. तो ओरडला नाही. "तू सभेत उभा राहून त्याच्या वेळा एकेक वाचून दाखवल्यास. आणि तुला माहीत होतं."

"ते... तो स्वतः काही बोलला नाही," बाल्झ म्हणाला. "मी विचारलं होतं त्याला. सगळ्यांसमोर विचारलं होतं."

झेंडा धरणाऱ्याने झेंडा भिंतीला टेकवून ठेवला आणि कोट काढून खांद्यावर टाकला. एकेक माणूस बाल्झपासून हलू लागला, फार नाही, दोन-दोन पावलं. प्रार्थनेला आलेल्या बायका दारातच थांबल्या होत्या. बाल्झच्या हातात अजून तो कागद होता आणि त्याचं काय करायचं ते त्याला सुचत नव्हतं.

आता पुरे म्हणता आलं असतं. गेबहार्डने तिच्या दंडाला हात लावला, तो त्याचसाठी. वेंडेलिन असते तर त्यांनी बाल्झला यातून बाहेर काढायला काहीतरी शोधलं असतं; मुलीला घेऊन तिथून निघून गेले असते, बहुधा बाल्झला कॉफी पाजायला. मार्लीसला हे पक्कं माहीत होतं. जन्मभर तिने त्यांना हेच करताना बघितलं होतं.

तिने गेबहार्डचा हात बाजूला केला.

"मागे प्रार्थनेला आलेली मंडळी आहेत, हेर्गर," ती म्हणाली. "त्यांना नीट कळलं नसेल. पहिल्यापासून सांगा."